फिल्मखालची रेघ

१२ मे, सोमवार

ऑफिसमधून थेट हॉस्पिटल. निखिल आज पहिल्यांदा उशीला टेकून बसला होता. सायकलवरून पडून ऑपरेशन झालं त्याला आठ दिवस झाले. पाठीत दोन सळया, सहा स्क्रू. "ताई, आता माझ्यात बाइकपेक्षा जास्त धातू आहे," म्हणाला. हसले. म्हणजे हसल्याचा आवाज काढला.

डावं पाऊल अजून उचलत नाही. डॉक्टरांचं एकच, आप्वार्टन. थांबा आणि बघा.

श्रद्धानं दोन आठवड्यांची रजा काढली आहे. नवऱ्याच्या पलंगाशेजारी बसून लॅपटॉपवर विम्याचे फॉर्म भरत असते. निघताना लिफ्टपर्यंत आली, माझा हात धरला. "त्या दिवशी तू बरोबर होतीस म्हणून बरं झालं गं. एकटा असता तर..."

काही वाटलं नाही. काहीतरी वाटायला हवं होतं, हे लक्षात आलं एवढंच.

१४ मे, बुधवार

ऑफिस. दिवसभर टेस्टिंग. सगळं पास. माझ्या बाजूची निखिलची खुर्ची तशीच, पाठीला त्याचं जाकीट. अकरा वर्षं आम्ही शेजारी बसतो. पुण्याहून बॉनला एकाच महिन्यात आलो, तो लग्नाआधी, मी लग्नानंतर. ताई म्हणायला त्यानंच सुरुवात केली, आता जर्मन लोकसुद्धा मला 'ताई' म्हणतात. त्यांना ते माझं नाव वाटतं.

टीमनं कार्ड आणलंय. सगळ्यांनी दोन-दोन ओळी लिहिल्या. मी फक्त सही केली. बॉस म्हणाली, वेळ घे, घाई नाही. तिला वाटलं मी रडते आहे. मी शब्द आठवत होते.

१७ मे, शनिवार

अभय काल आला. शनिवार-रविवारपुरता नवरा. (त्सुफेनहाउझेनला, त्याच्या ऑफिसात, शुक्रवारी मीटिंग लांबली, गाडी चुकली, पुढच्या गाडीला उभं राहून आला.) आज दोघं गाडी घेऊन आर नदीच्या खोऱ्यात गेलो, निखिलची माउंटन बाइक आणायला. ॲम्ब्युलन्स आली तेव्हा बाइक तिथेच राहिली होती. खालच्या गावातल्या एका म्हाताऱ्यानं उचलून त्याच्या शेडमध्ये ठेवली होती. वर ताडपत्री. आम्ही काही विचारायच्या आत म्हणाला, "तो चालतो का?" अजून नाही, म्हटलं. त्यानं मान हलवली आणि सुटे पडलेले स्क्रू एका जॅमच्या बरणीत घालून दिले.

चाकं काढून फ्रेम आमच्या केलरमध्ये, तळघरात ठेवली. खालची जाड नळी पॅडलच्या वर साफ मोडली आहे. पण नळीवर चिकटवलेली प्लास्टिकची फिल्म फाटलेली नाही. दोन्ही तुकडे त्या पारदर्शक फिल्मला लोंबतात.

अभय म्हणाला, "काय मजबूत लावलीस गं."

जेवण केलं. पालकाची भाजी. मीठ विसरले, त्यानं तसंच खाल्लं.

१८ मे, रविवार

अभय दुपारच्या गाडीनं गेला. आता लिहून टाकते. पंधरा दिवस वहीत दुसरंच सगळं लिहिते आहे.

मार्चमधला शनिवार. निखिल बाइक घेऊन आमच्याकडे आला. फ्रेमवरची जुनी फिल्म पिवळी पडून कडेनं सुटली होती, नवी लावायची होती. आमच्या सायकलच्या ग्रुपमधल्या सगळ्यांच्या फ्रेमना मीच लावते. पुढचं चाक दगड उडवतं ते नेमके खालच्या नळीवर बसतात. फ्रेम कार्बनच्या. कार्बन वजनाला हलका, ओढला तर तुटत नाही, पण टोकदार दगडाचा फटका त्याला सोसत नाही. म्हणून फिल्म. साबणाच्या पाण्याचा फवारा, फिल्म सरकवत जागेवर आणायची, रबरी पट्टीनं पाणी बाहेर काढायचं, कडा हेअर ड्रायरनं बसवायच्या. हात स्थिर लागतो. माझा आहे.

जुनी फिल्म काढली. पॅडलच्या वर चार बोटं, डाव्या अंगाला, एक खरवड. मसूरडाळीएवढा रंग उडालेला. आणि त्यातून निघालेली एक रेघ. केसासारखी. नखाएवढी लांब.

नख फिरवलं. अडकलं. जरासं.

रंगाला चीर असली तरी नख कधीकधी अडकतं. कार्बनला असली तर अडकतंच. कुठली ते ओळखायला नाण्यानं ठोकून ऐकायचं असतं. आत धड असेल तर टण्ण वाजतं, आतले थर सुटले असतील तर बद्द. दोन मिनिटांचं काम. पाकीट वर घरात होतं.

निखिल केलरच्या पायरीवर बसून लेकीला, इराला, फोनवर गणित समजावत होता. फोन ठेवला आणि विचारलं, "सगळं ठीक ना ताई?"

"हो. दगडाची खरवड आहे. झाकली जाईल."

फिल्म लावली. एकही बुडबुडा नाही. त्यानं फोटो काढून ग्रुपवर टाकला. सगळ्यांनी अंगठे दिले.

सहा आठवड्यांनी आर खोऱ्यात, गुडघ्याएवढ्या एका पायरीवरून त्यानं उडी घेतली. तशा त्यानं शेकडो घेतल्यात. मी मागे होते. आवाज ऐकला. लाकूड मोडल्यासारखा. तो पडायच्या आधी ऐकला.

एवढंच.

२४ मे, शनिवार

निखिलला रेहाच्या, म्हणजे पुनर्वसनाच्या, क्लिनिकमध्ये हलवलं. टेकडीवर आहे, खिडकीतून ऱ्हाइन दिसते. दोन दांड्या धरून आठ पावलं चालला, मला दाखवायला. डावं पाऊल फरफटतं. त्याला प्लास्टिकचं पातं बांधलंय, बुटाच्या आत.

खुशीत होता. फ्रेमच्या कंपनीचं उत्तर आलंय. फ्रेम पाठवा, आमचा तज्ज्ञ तपासेल. फोनवर मेल दाखवली.

"सरळ सरळ मॅन्युफॅक्चरिंग डिफेक्ट आहे. पायरी केवढी होती, तू बघितलीस ना?"

"बघितली."

"तेवढ्यानं फ्रेम मोडते? तू साक्षीदार आहेस ताई. लागलं तर लिहून देशील ना?"

देईन म्हटलं.

"आणि पॅक तूच कर. अभयला देऊ नकोस, तो आपला ठोकेल खिळे. तुझ्याइतकं नीट कोणी करणार नाही."

श्रद्धा संत्री सोलत होती. एक फोड मला दिली. खाल्ली. घरी आल्यावर हाताला वास येत होता, तेव्हा आठवलं की खाल्ली होती.

२७ मे, मंगळवार

मंगळवार-गुरुवार श्रद्धा रेहाला जाते, इरा शाळेतून माझ्याकडे येते. नऊ वर्षांची. मी मराठीत बोलते, ती जर्मनमध्ये उत्तर देते, दोघींचं छान चालतं.

आज स्वतःची सायकल खाली केलरमध्ये घेऊन आली. हिलाही पापाच्या बाइकसारखी फिल्म लाव, म्हणे. तिची सायकल ॲल्युमिनियमची, फुटपाथवर चालते, काही गरज नाही. तरी एक पट्टी कापली. आधी सगळी फ्रेम पुसली, बोटानं चाचपली, दोनदा. ती बघत होती.

पापाची फ्रेम कोपऱ्यात, चादरीखाली. तिनं चादरीकडे बघितलं, उचलली नाही.

"हिल्फ्ट दास युबरहाउप्ट?" याचा काही उपयोग होतो का तरी.

"बारीक दगडांपासून होतो. मोठ्यापासून नाही."

"पापाचा मोठा होता?" हे मात्र मराठीत.

"पापा दगडामुळे नाही पडला. बाइक मोडली म्हणून पडला."

"वारूम?" का म्हणून.

रबरी पट्टी हातात होती. माहीत नाही, म्हटलं.

"आख झो," अस्सं, म्हणाली आणि राहिलेला एक बुडबुडा स्वतः बोटानं कडेला ढकलत नेला. नीट करते. घाई करत नाही.

३१ मे, शनिवार

नाश्त्याला अभयला सांगितलं. तो ब्रेडला लोणी लावत होता, लावतच राहिला.

"तीच रेघ होती हे तुला नक्की माहीत आहे?"

"नाही."

"नंतर सहा आठवडे त्यानं ती बाइक दगडांवर आपटली. कशावरून त्या आपटण्यानं मोडली नसेल?"

"नसेल असं नाही."

"मग झालं तर. गप्प बस. तुझ्या बोलण्यानं त्याचा पाय बरा होणार आहे का?"

नाही होणार. हे मी स्वतःला रोज सांगते, त्यामुळे ऐकायला नवीन काही वाटलं नाही. कप उचलले.

थोड्या वेळानं तो टॉर्च घेऊन खाली गेला. अर्ध्या तासानं वर आला. हात धुतले, टेबलाशी बसला.

"मंजू, बोटाला खड्डा लागतो तिथे. पण त्यावर फिल्मला साधा ओरखडा नाही. म्हणजे खड्डा फिल्मच्या आधीचा. कंपनीच्या माणसाला पाच मिनिटांत कळेल."

"हो."

"तुला हे माहीत होतं."

"हो."

टॉर्च टेबलावर आडवा ठेवला. मग म्हणाला, "सांग निखिलला. कंपनीच्या पत्रातून कळण्यापेक्षा तू सांगितलेलं बरं."

पुढच्या आठवड्यात रजा घेऊन इकडेच थांबतो म्हणाला. नको म्हटलं. थांबू दे असं वाटत होतं का, ते नीट कळलं नाही.

२ जून, सोमवार

दहा सेंटचं नाणं घेऊन खाली गेले. आधी माझ्या बाइकवर ठोकलं. टण्ण, टण्ण, सगळीकडे. मग निखिलच्या फ्रेमवर, मोडीपासून लांबून सुरुवात केली. टण्ण. टण्ण. खरवडीजवळ आले तसं बद्द.

पण आता ते काहीच सिद्ध करत नाही. मोडलेल्या नळीचे थर मोडीपाशी सुटणारच. हे मार्चमध्ये ऐकायचं होतं.

बाइकच्या दुकानातून मोठा खोका आणलाय. त्यांनी फुकट दिला. बाहेर दुसऱ्याच कुणाच्या नव्या बाइकचं चित्र.

५ जून, गुरुवार

सांगितलं.

आज श्रद्धाऐवजी मी गेले. रेहाच्या बागेत बाकावर. बसमध्ये चार वाक्यं तयार केली होती, तीच बोलले. मार्चमध्ये रेघ दिसली. नख अडकलं. ठोकून बघितलं नाही. तुला खरवड म्हणाले.

समोर एका आजींना लाकडी पायऱ्या चढायला शिकवत होते. तीन पायऱ्या वर, तीन खाली. निखिल त्यांच्याकडे बघत होता. त्या खाली उतरल्या.

"फेब्रुवारीत बाइक दगडावर आपटली होती मी, तिथेच," म्हणाला. "मोठा आवाज झाला होता. म्हणून तर फिल्म बदलायला आणली. मला वाटलं, काही असलं तर ताईला दिसेल."

"मला बोलला नाहीस."

"तुला दिसलं की. बोलायची गरज पडली नाही."

रागावेल असं वाटलं होतं. रागाची तयारी करून गेले होते. त्याचा आवाज ऑफिसमध्ये स्टेटस सांगतो तसाच.

"आता काय करायचं म्हणतेस?"

"मी सगळं लिहून देते. चिठ्ठी फ्रेमबरोबर पाठवू."

"आल्झो. म्हणजे ते म्हणतील फ्रेम आधीच खराब होती, तुम्ही चालवलीत, तुमचं तुम्ही बघा. आणि विषय संपला."

तो माझ्याकडे वळला.

"फिल्म काढ."

"काय?"

"काढून टाक. ड्रायर लावून, हळू. तुला येतं. फिल्म नसली की खरवड कधीची, कोण सांगणार? पडल्यावर झाली असेल."

"निखिल..."

"एवढं तू करू शकतेस, ताई."

थेरपीवाली मुलगी त्याला न्यायला आली. तो उठला, आधी उजवा पाय, मग काठ्या, मग डावा. वळून म्हणाला, "च्यूस." येतो, रोज म्हणतो तसं.

परतीच्या बसमध्ये दोन स्टॉप पुढे गेले.

७ जून, शनिवार

अभय बाजारात गेला तेव्हा खाली गेले. ड्रायर लावला. फिल्मचा कोपरा मऊ झाला, नखानं उचलला. सहज निघतो. मीच लावलेली, कुठून सुटेल ते मला माहीत. दोन बोटं रुंद पट्टी सुटली.

वरच्या मजल्यावरच्या बाई कपडे धुवायला आल्या, वॉशिंग मशीन तिथेच आहे सगळ्यांचं. "आल्लेस गूट?" सगळं ठीक ना.

"या, या." हो, हो.

ड्रायर बंद केला. त्या कपडे घालून, पावडर टाकून, बटण दाबून गेल्या. मी ड्रायर परत लावला नाही. काही ठरवून नाही. पाणी भरायचा आवाज येत होता, ऐकत उभी राहिले.

कोपरा परत दाबून बसवला. बसत नाही. चिकटपणा गेला.

८ जून, रविवार

सकाळी दहाला बेल. श्रद्धा. फोन न करता. इराला शेजाऱ्यांकडे सोडून.

"निखिलनं सांगितलं. दाखव मला."

अभय पुढे झाला, त्याला नको म्हटलं. आम्ही दोघी खाली गेलो. चादर काढली. तिनं फ्रेम पहिल्यांदाच बघितली, हे माझ्या लक्षातच नव्हतं आलं. मोडीवर हात ठेवला. मग म्हणाली, "कुठे?"

दाखवलं. तिनं बोट ठेवलं.

"हे? एवढंसं?"

"हो."

"आणि हा कोपरा?"

"मी काल उचलला."

"त्यानं सांगितलं म्हणून?"

"हो."

पाण्याच्या बाटल्यांच्या क्रेटवर बसली. खालीच बघत होती.

"तू नऊ तास माझ्याशेजारी बसली होतीस, ऑपरेशन थिएटरच्या बाहेर. मला दोनदा कॉफी आणून दिलीस. तेव्हा माहीत होतं तुला?"

"हो."

"कधीपासून?"

"तो आवाज ऐकला तेव्हापासून."

ओरडली नाही. ओरडली असती तर काय करायचं ते मला कळलं असतं. पर्स उघडली, बंद केली.

"महिनाभर तो कंपनीबद्दल बोलतोय. सकाळ-संध्याकाळ. पायाबद्दल एक अक्षर काढत नाही. मी काढलं तर विषय बदलतो." मग, "त्याला कुणाशी तरी भांडायचंय. तुझ्याशी त्याला भांडता येत नाही."

"तुला येईल."

"मला येईल. पण आज नाही, आज माझ्यात जोर नाही."

उठली. चादर तिनंच घातली परत, कोपरे ओढून.

"फिल्म काढू नकोस, मंजूताई. तो काहीही म्हणू दे. उद्या इरानं विचारलं तर मला काय सांगायचं ते ठरवायचंय, आणि त्यात हे मला नको आहे. तुझी चिठ्ठी लिही. तुझ्या नावानं. मी त्याला बघते."

दारापाशी गेल्यावर म्हणाली, "इराला आता काही दिवस नाही पाठवणार."

मान हलवली. ती जिना चढून गेली. मी वर आल्यावर अभयनं विचारलं, काय म्हणाली? म्हटलं, मंगळवारी इरा येणार नाही.

तेवढंच तोंडातून निघालं. मग बाथरूममध्ये गेले आणि तोंडाला टॉवेल धरला. पाचेक मिनिटं. मग थांबलं आपोआप.

९ जून, सोमवार

फिंग्स्टनची, चर्चच्या सणाची सुट्टी. सगळं बंद, रस्त्यावर कोणी नाही. कुरियर उद्या सकाळी आठ ते बारा.

चिठ्ठी लिहिली. जर्मनमध्ये, एक पान. मी अमुक दिवशी ही फिल्म लावली, लावण्याआधी इथे रेघ बघितली, मालकाला सांगितलं नाही. अभयनं व्याकरण तपासलं. एका ठिकाणी मी 'दिसली असावी' लिहिलं होतं, त्यानं पेन्सिलनं खूण केली. ते बदलून 'दिसली' केलं.

फ्रेम फोममध्ये गुंडाळली. दोन तुकडे हलू नयेत म्हणून मधे पुठ्ठा. उचललेला कोपरा तसाच आहे. तोही चिठ्ठीत लिहायला हवा, मी उचलला म्हणून. आत्ता सुचलं. म्हणजे पान पुन्हा लिहायचं.

चारला निखिलचा मेसेज. "काढलीस?"

श्रद्धा त्याच्याशी बोलली की नाही, कळत नाही. बोलली असेल आणि तरी विचारत असेल. तिला फोन करावा का? उचलेल का?

लगेच दुसरा मेसेज. "आज डावा अंगठा हलला. दोनदा. श्रद्धाला अजून सांगितलं नाही, उद्या नाही हलला तर उगाच. तुलाच सांगतोय."

तीनदा वाचला. अंगठा कसा हलला असेल ते डोळ्यासमोर आणायचा प्रयत्न केला. माझा अंगठा चपलेत आपोआप हलला. आनंदच असावा. महिनाभरात पहिल्यांदा, आणि तोही कुणाला सांगता येणार नाही असा.

त्याला खुणा निळ्या झालेल्या दिसल्या असतील. मी वाचलंय हे त्याला कळलंय. टाइप केलं, वा. पुसलं. टाइप केलं, निखिल, फिल्म. पुसलं. त्यालाही दिसत असेल, मी लिहिते आहे, थांबते आहे.

अभय खालून विचारतोय, खोका बंद करू का?

थांब म्हटलंय.